खानदेशातले घर बारा महिने स्वच्छ कसे राहील?

पारोळा तालुक्यातील एका शिक्षिका भगिनींनी विचारले आहे की, दिवाळीला आठ दिवस राबून घर लख्ख केले तरी संक्रांतीपर्यंत ते पुन्हा पहिल्यासारखे होते, मग घर वर्षभर नीटनेटके राहावे म्हणून रोज किती वेळ द्यावा आणि कोणते वेळापत्रक पाळावे? घरात पती, सासूबाई आणि दोन शाळकरी मुले आहेत. तीन खोल्या, एक माळा, मागे न्हाणी आणि वर गच्ची आहे. सोमवारी पंखे, मंगळवारी खिडक्या असा तक्ता त्यांनी दोनदा भिंतीला लावला आणि दोन्ही वेळा महिन्याभरात काढून टाकला.

ताई, मी 26 वर्षे मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल होते आणि तितकीच वर्षे धुळ्याजवळच्या एका गावात माझे एकत्र कुटुंबाचे घरही सांभाळत होते. तो तक्ता तुमच्या आळसामुळे फसला, हे आधी मनातून काढून टाका. आपल्याकडचा कचरा वारानुसार येत नाही, ऋतूनुसार येतो. चैत्र-वैशाखात मातीचा फुफाटा, आषाढ-श्रावणात ओल, कार्तिकात कापसाचे तंतू आणि बारा महिने खारट पाण्याचे पांढरे डाग, असा आपला क्रम आहे. जो तक्ता मेमध्ये आणि ऑगस्टमध्ये एकच काम सांगतो, तो खानदेशात टिकणार नाही. त्यामुळे माझे सांगणे एवढेच आहे की, येणाऱ्या ऋतूत घराला काय त्रास होणार आहे हे ओळखून त्याच्या आधी काम करावे आणि दिवाळीला एकदम करायचे ओझे वर्षात चार ठिकाणी वाटून टाकावे. हे उत्तर मी होळी झाल्यावर लिहीत आहे, म्हणून उन्हाळ्यापासूनच सुरुवात करते.

आपली काळी माती ओली असताना चिकणमाती असते, वाळली की भेगाळते आणि नांगरटीनंतर तिचा इतका बारीक फुफाटा होतो की तो बंद खिडकीच्या फटीतूनही आत येतो. उन्हाळ्यात दुपार कलल्यावर पश्चिमेचा वारा सुटतो, वावटळी उठतात आणि घरातली निम्मी धूळ त्या दोन-तीन तासांतच येते. सकाळी सहापासून नऊपर्यंत घर सताड उघडे ठेवावे, त्यानंतर पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या खिडक्या बंद कराव्यात आणि वारा पडल्यावर, म्हणजे साधारण दिवेलागणीनंतर, पुन्हा उघडाव्यात. याने घर थंडही राहते. दाराच्या उंबऱ्याशी जुन्या सुती लुगड्याची किंवा चादरीची ओली घडी दुपारी लावून ठेवावी. संध्याकाळी ती उचलून पाण्यात पिळली की पाण्याचा रंग पाहून समजते की एरवी हे सगळे कुठे जाऊन बसले असते.

झाडण्याची पद्धतही या धुळीप्रमाणे बदलावी लागते. पुष्कळ घरांत पंखा चालू ठेवून झाडतात आणि लगेच ओले पोतेरे फिरवतात. त्यामुळे हवेत उडालेली धूळ पुसून झालेल्या फरशीवर पुन्हा येऊन बसते आणि उरलेल्या धुळीचा पातळ चिखल होऊन फरशीच्या सांध्यांत शिरतो, तिथे तो वाळून काळी रेघ तयार होते, जी पुढे घासूनही जात नाही. पंखा बंद करावा, आधी वरच्या जागा, म्हणजे कपाटाची माथी, दाराच्या चौकटी, खिडकीचे गज, किंचित ओल्या फडक्याने टिपून घ्याव्यात, मग मऊ केरसुणीने जमिनीलगत, झटका न देता, केर ओढत न्यावा. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, तेवढ्यात दुसरे काम करावे आणि मग पुसावे. एका खोलीला एकदा पाणी बदलावे. तीन खोल्या एकाच बादलीत पुसणे म्हणजे पहिल्या खोलीची माती तिसरीत नेऊन ठेवणे होय. उन्हाळ्यात दिवसातून दोनदा झाडणे चुकत नाही, पण पुसणे एकदाच पुरे, आणि ते संध्याकाळी वारा पडल्यावर करावे. सकाळी पुसलेली फरशी दुपारी तीनला पुन्हा मातकट होते, मग बाई वैतागते आणि सगळेच सोडून देते. असे होताना मी अनेक घरांत पाहिले आहे.

आता कूलर आणि साठवलेले पाणी यांविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण खानदेशातल्या घराच्या आरोग्याचा निम्मा भाग मला यातच दिसतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या घरात जातो, कूलरशिवाय दिवस निघत नाही, आणि आपल्याकडच्या अनेक गावांत नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्यामुळे प्रत्येक घरात टाक्या, पिंप, रांजण भरलेले असतात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. मात्र कोरडा दिवस म्हणजे नुसते पाणी ओतून देणे, असा समज झाला आहे आणि तो अपुरा आहे. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवते.

कूलरची टाकी रिकामी केल्यावर एकदा टॉर्च घेऊन तिच्या आतल्या बाजूला पाहा. जिथपर्यंत पाणी होते तिथे क्षारांची एक फिकट रेघ दिसेल आणि त्या रेघेच्या जरा वर, मोहरीहून कितीतरी बारीक, काळ्या ठिपक्यांसारखे काही चिकटलेले दिसले तर तीच ती अंडी असू शकतात. ती कोरडी होऊनही कित्येक महिने जिवंत राहतात आणि पुन्हा पाणी लागले की उबतात. म्हणूनच पाणी ओतल्यानंतर काथ्याने किंवा ताठ ब्रशने ती कडा चारी बाजूंनी घासली पाहिजे. वसतिगृहात आम्ही एक साधी सवय लावली होती. नळाला पाणी येण्याच्या दिवशी, पाणी यायच्या अर्धा तास आधी, पिंपातले तळाचे उरलेले पाणी अंगण शिंपायला काढायचे, त्यातल्याच तांब्याभर पाण्याने पिंप आतून घासायचे आणि मग नवे पाणी भरून तोंडाला सुती कापड घट्ट बांधायचे. त्यासाठी एक थेंबही जास्त लागत नाही. ज्यांच्याकडे पाणी आठ-दहा दिवसांनी येते त्यांनी मधल्या काळात कापड निसटले नाही ना, एवढे रोज पाहावे.

कूलरला हात लावण्यापूर्वी त्याची पिन भिंतीतून काढावी, नुसते बटण बंद करून भागत नाही. ओल्या पत्र्यातून विजेचा धक्का बसून जीव गेल्याच्या घटना दर उन्हाळ्यात घडतात. गवतावर जे पांढरे खडे साचतात ते बोअरच्या पाण्यातले क्षार असतात. गवत वर्षाला बदलावे, जुने गवत झटकून पुन्हा बसवण्यात काटकसर नाही, कारण त्यातून हवा जात नाही आणि वास येतो. मृग लागल्यावर कूलर बंद झाला की त्याच दिवशी टाकी पुसून, उन्हात कोरडी करून, मोटर झाकून ठेवावी. पावसाळाभर गच्चीवर तळाशी चार बोटे पाणी घेऊन उभा राहिलेला कूलर सगळ्या गल्लीला डास पुरवतो.

उन्हाळा त्रास देतो तसा मदतही करतो, आणि ही मदत आपण पुरेशी घेत नाही. वैशाखातले ऊन फुकटचे जंतुनाशक आहे. गाद्या, उशा, गोधड्या, स्वेटर, मुलांच्या शाळेच्या बॅगा हे सर्व दोन-तीन दिवस गच्चीवर उलटून-पालटून वाळवावे. ढेकणांना 50 अंशांच्या आसपासची उष्णता सोसत नाही आणि आपल्या गच्चीचा स्लॅब दुपारी त्याहूनही तापतो. लाकडी पलंगाचे सांधे त्याच दिवशी सुटे करून उन्हात ठेवावेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, घर माणसांनी भरते, म्हणून हे काम आखाजीच्या आधल्या आठवड्यात बसवावे. पाहुण्यांना ताजी अंथरुणे मिळतात आणि पावसाळ्यासाठी कपाटे कोरडी होतात.

याच दिवसांत वर्षाचे धान्य भरले जाते, बिबडे, कुरडया, शेवया, पापड वाळतात, मिरची-हळदीचा मसाला कुटला जातो. वाळवण हे घरातल्या बायकांच्या कष्टाचे सोने आहे, पण साठवण चुकली तर तेच भाद्रपदात घराची सर्वात मोठी घाण होते. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी दोन क्विंटल गहू गच्चीवर कडक वाळवला आणि पाऊस येईल या धास्तीने दुपारी चारलाच, हाताला चटका बसेल इतका गरम असताना, पत्र्याच्या कोठीत भरून झाकण लावले. रात्री पत्रा थंड झाला, गरम गव्हातली वाफ आतल्या बाजूला पाणी होऊन बसली आणि ते पाणी कडेच्या गव्हात मुरले. पोळ्याला कोठी उघडली तेव्हा कडेचा गहू मुठीएवढ्या ढेकळांत घट्ट झालेला होता, त्याला कुबट वास येत होता आणि मधल्या गव्हात सोंडेकिडे चालत होते. तेव्हापासून आजतागायत मी धान्य वाळवल्यावर एक रात्र सावलीत, घरात पसरून पूर्ण निवू देते आणि सकाळी भरते. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, चेपला तर अजून एक दिवस ऊन द्यावे. कोठी आतून पुसून, उन्हात तापवून घ्यावी, काठोकाठ भरावी म्हणजे आत हवा कमी राहते आणि ती भिंतीपासून वीतभर लांब, लाकडी पाटावर ठेवावी. थरांमध्ये सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला घालावा. डाळींना एरंडेल तेलाचा हात फिरवावा, किलोला एक लहान चमचा पुरतो, त्याने भुंगेऱ्याला दाण्यावर अंडी घालणे अवघड जाते.

धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात कधीही, कोणीही कितीही खात्री दिली तरी, वापरू नयेत. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतल्या ओलाव्याने फॉस्फिन नावाचा विषारी वायू सोडतात. तो बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्याच्यावर उतारा नाही. शक्य असेल तर सहा महिन्यांचेच धान्य भरावे. पूर्वी बाजार लांब होता आणि घरात पंधरा माणसे होती. आज पाच माणसांच्या घरात चार पोती गहू ठेवणे ही परंपरेची आठवण आहे, गरज नाही. सासूबाईंना हे एकदम पटणार नाही, त्यामुळे पहिल्या वर्षी एकच पोते कमी करावे.

मृग साधारण 7-8 जूनला लागतो. त्याआधी गच्ची झाडून पन्हाळीची तोंडे मोकळी करावीत. धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे, घर असेल तर छतावर खारी माती टाकण्याचे आणि चोपून बसवण्याचे काम याच दिवसांत होते. स्लॅबच्या घराला माती लागत नसली तरी पन्हाळीत अडकलेली निंबाची पाने आणि पतंगाचा कागद काढावाच लागतो, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात गच्चीवर तळे होते आणि ते पाणी श्रावणात माळ्याच्या भिंतीवर उतरते. कपाटे, पलंग आणि पुस्तकांच्या फळ्या भिंतीपासून चार बोटे पुढे ओढाव्यात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती जमणारे पंखवाले किडे वाळवीचे असतात. ज्या घरात ते भिंतीतूनच बाहेर पडताना दिसतात तिथे वाळवीने आधीच ठाण मांडलेले असते, आणि अशा वेळी रॉकेल शिंपडण्यापेक्षा जाणकाराला बोलवावे.

पावसाळ्यात पुसण्यापेक्षा कोरडे ठेवणे महत्त्वाचे असते. दमट दिवसांत फरशी रोज फिनाइलच्या पाण्याने भिजवल्याने घर स्वच्छ होत नाही, ओल वाढते. घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसून पंखा लावावा. पावसाने दोन दिवस उघडीप दिली की कपाटांची दारे दिवसभर उघडी ठेवावीत. कपाट ठासून भरलेले असेल तर दारे उघडूनही हवा खेळत नाही, म्हणून प्रत्येक कप्प्यात हात सहज आत जाईल इतकी जागा असावी. काळ्या मातीचा चिखल आत येऊ नये यासाठी दाराबाहेर एक आणि दाराआत एक अशी दोन पायपुसणी ठेवावीत, बाहेरचे काथ्याचे आणि आतले सुती. चपला बाहेर, हा नियम पाहुण्यांसाठीही एकच असावा.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई, म्हणजे आपली खानदेशी देवी, घरोघरी बसते. ज्या घरांत कानबाई आहे तिथे त्याआधी भिंतींना रंग किंवा चुना लागतो, फळीवरचे सगळे पितळ खाली उतरते आणि नैवेद्याच्या रोटांसाठी गहू निवडला जातो. सणाची ही स्वच्छता अगदी मोक्याच्या वेळी येते, कारण तेव्हा पावसाळा निम्मा सरलेला असतो आणि बुरशी भिंतीवर नुकती दिसू लागलेली असते. चुन्याचा हात बुरशीवर चांगला चालतो, पण ओल्या भिंतीवर मारलेला रंग सोलून निघतो, म्हणून गळती आधी थांबवावी. पितळेला चिंचेचा कोळ आणि मीठ लावून, चोळून, लगेच धुऊन लगेच कोरडे करावे. आंबट तसेच राहिले तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग पडतात. फळीवरची डबे-घागरींची रांग हा खानदेशी घराचा मान आहे हे मी जाणते, मला ती आवडतेही, परंतु वर्षभर उघड्यावर ठेवलेली 40 भांडी म्हणजे 40 वेळा बसणारी धूळ आणि स्वयंपाकघरातला तेलकट थर. रोज लागणारी आणि ज्यांच्याशी आठवण जोडलेली आहे अशी दहा-बारा भांडी बाहेर ठेवावीत, उरलेली सुती कापडात बांधून ठेवावीत आणि कानबाईला सगळी मिरवावीत.

नळावर, बादलीवर, न्हाणीच्या भिंतीवर बसणारा पांढरा थर हा बोअरच्या पाण्यातला चुन्याचा क्षार आहे. साबणाने तो जात नाही, आंबटाने जातो. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व दोन चमचे, एक लीटर कोमट पाण्यात विरघळवावे, त्यात फडके भिजवून नळाला गुंडाळावे आणि अर्ध्या तासाने घासावे. हेच पाणी शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी फरशीवर सांडू देऊ नये, कारण हे दगड स्वतःच चुनखडीचे आहेत आणि आंबट त्यांना खाते. वसतिगृहात एका नव्या सफाई कामगाराने संडासाचे अॅसिड व्हरांड्याच्या शहाबादीवर ओतले होते. फरशी फसफसली आणि तिथे जो खरबरीत, पांढुरका पट्टा उमटला तो मी निवृत्त होईपर्यंत तसाच होता. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तो डाग काढायला त्याने त्यावरच ब्लिचिंग पावडर टाकली. दोन्ही एकत्र येताच क्लोरीन वायू सुटला, डोळ्यांतून पाणी, घशात आग, आणि आम्हाला सगळ्या मुलींना मैदानात न्यावे लागले. त्याला कोणी सांगितले नव्हते, चूक त्याची एकट्याची नव्हती. अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर या दोन वस्तू तेव्हापासून मी एका फळीवर ठेवत नाही. तुमच्याकडे कामाला मावशी येत असतील तर हे वाक्य त्यांना स्वतः समजावून सांगा.

घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुण्याची आपली रीत उत्तम आहे. पाऊस ओसरलेला असतो, आश्विनाचे ऊन कडक असते आणि पावसाळाभर मुरलेला दमटपणा निघून जातो. ही रीत नीट पाळली आणि कानबाईला भिंती झाल्या, तर दिवाळीसाठी फक्त पंखे, जाळी, दिवे आणि दर्शनी खोली उरते, म्हणजे दोन दिवसांचे काम. तुमचे आठ दिवस असे कमी होतात.

शेतकरी घरांसाठी दिवाळीनंतरचे दिवस वेगळे असतात, कारण वेचणीचा कापूस घरात येतो आणि भाव वाढेल या आशेने तो कधी महिनोन् महिने पुढच्या खोलीत पडून राहतो. त्याचे तंतू पंख्यावर, मिठाच्या डब्यात, देवघरात सगळीकडे जातात आणि बराच काळ साठलेल्या कापसातल्या बारीक किड्यांनी घरातल्या माणसांना अंगभर खाज सुटते. शक्य असल्यास कापसासाठी झोपण्याच्या जागेपासून वेगळी, दार लागणारी खोली असावी, नसेल तर तो निदान ताडपत्रीने झाकून ठेवावा, त्यावर मुलांना लोळू देऊ नये आणि त्या खोलीत दिवा, उदबत्ती, विडी काहीही पेटू देऊ नये. तंतू झाडूने उडतात, ओल्या फडक्याने गोळा होतात.

राहिला माळा. सामानाची शिस्त लावण्याचे काम मी कधीच दिवाळीला करत नाही, कारण घाईत माणूस वस्तू टाकत नाही, नुसती एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ढकलतो. पौष-माघात हवा थंड असते, संक्रांत सोडली तर घर काढावे लागेल असा मोठा सण नसतो, उन्हाळ्यातली लग्नसराई सुरू व्हायची असते, त्या दिवसांतले दोन रविवार माळ्यासाठी ठेवावेत. सगळे खाली उतरवावे, अगदी सगळे. मग प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारावे की गेल्या दोन वर्षांत ही खाली आली होती का? आली असेल तर वर जाईल, नसेल तर देऊन टाकायची, भंगारात घालायची किंवा, ती आठवणीची असेल तर, एका ठरलेल्या पेटीत जाईल. पेटी एकच. ती भरली की नवीन आठवण ठेवण्यासाठी जुनी काढावी लागते.

वर जाणाऱ्या प्रत्येक खोक्याला खडूने किंवा मार्करने क्रमांक घालावा आणि एका साध्या शंभर पानी वहीत त्या क्रमांकासमोर आत काय आहे ते लिहावे. माझ्या वहीतले एक पान असे आहे: ‘7 – शेवयांचे यंत्र, पाटा-वरवंट्याचा जुना वरवंटा, मोठी परात, लग्नातला गॅसचा दिवा.’ चौथी वस्तू एका वर्षी खोडलेली आहे आणि पुढे ‘भाच्याला दिला’ असे लिहिले आहे. ही वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. ती आल्यापासून ‘आई, परात कुठे आहे?’ हा प्रश्न घरात बंद झाला, आणि एक परात सापडत नाही म्हणून दुसरी विकत आणण्याचेही थांबले. कागदपत्रांसाठी, म्हणजे सातबारा, पावत्या, मुलांचे दाखले, दवाखान्याच्या फायली, तशीच एक पत्र्याची पेटी आणि वहीत एक पान असावे. मुदत संपलेली औषधे दर सहा महिन्यांनी काढावीत. घरात पसारा होतो तो बहुतेक वेळा साफसफाई कमी पडते म्हणून नव्हे, वस्तूला परत जायला जागा नसते म्हणून होतो.

रोजच्या वेळेविषयी तुम्ही विचारले आहे. ऋतूची कामे त्या त्या वेळी झाली तर झाडणे-पुसणे सोडून रोज अर्धा तास पुरतो, आणि त्यातली पंधरा मिनिटे रात्रीची असावीत. झोपण्यापूर्वी मोरी रिकामी, ओटा कोरडा, खरकटे झाकलेले. ओटा नुसता स्वच्छ नव्हे, कोरडा म्हणते, कारण झुरळे रात्री अन्नाइतकीच पाण्यासाठी येतात. ओले फडके वाळत घालावे, ओट्यावर गोळा करून ठेवू नये. कचऱ्याचे डबे दोन, ओला आणि सुका. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचऱ्याचे वर्गीकरण घरापासूनच करणे बंधनकारक केले, आणि घंटागाडीत पुढे काय होते याची तक्रार करण्याआधी आपल्या घरातला डबा तरी वेगळा असावा असे मला मनापासून वाटते. मागे परस किंवा गच्चीवर जागा असेल तर भाजीची देठे, केळीची साले यांचे खत घरीच होते. उन्हाळ्यात ते लवकर वाळते, म्हणून वरून पाण्याचा हबका मारावा.

शेवटी एक गोष्ट, जी तुमच्या पत्रात नव्हती पण ओळींमधून दिसत होती. पाच माणसांचे घर एका माणसाने, तेही शाळा करून आल्यावर, स्वच्छ ठेवावे ही अपेक्षाच चुकीची आहे. आठवीतल्या मुलीला पाणी यायच्या दिवशी पिंप घासता येते, पाचवीतल्या मुलाला चपला रांगेत लावता येतात आणि आठवड्याला आपली बॅग उपसता येते. कूलर, पंखे आणि गच्ची पतीकडे द्या, आणि दिल्यावर त्यांच्या पद्धतीने होऊ द्या, मागून पुन्हा करू नका. सासूबाईंना धान्य आणि वाळवणाची पूर्ण सत्ता द्या. माझ्या सासूबाईंना मी माळ्याची वही सांगून लिहायला लावली होती, त्या बोलत आणि माझा मुलगा लिहीत असे, आणि घरातली कोणती वस्तू कोणाच्या माहेरून आली हे मला तेव्हा पहिल्यांदा समजले.

सध्या मार्च आहे, तेव्हा माळा राहू द्या, तो पुढच्या पौषात पाहू. या रविवारी गच्चीवरचा कूलर खाली उतरवा, टाकीची कडा टॉर्चने पाहून घासा, नवे गवत घाला. त्याच्या पुढच्या रविवारी पश्चिमेच्या खिडक्यांच्या फटींना कापडाची पट्टी चिकटवा आणि उंबऱ्यासाठी दोन जुन्या चादरी फाडून ठेवा. आखाजीपर्यंत एवढेच करा.